आठवड्याचे १६८ तास: कशाला द्यायचे आणि काय सोडायचं, हे ठरवायची पद्धत

वेळ पुरत नाही अशी तक्रार ज्या घरात असते, तिथे फ्रिजवर वेळापत्रक बहुधा चिकटवलेलं असतंच. दुसऱ्या आठवड्यात ते मोडतं. पहाटे साडेपाचला उठायचं, सातला अभ्यास, रात्री वाचन हे सगळं त्यात असतं, पण या नव्या गोष्टींसाठी आधीचं काय बंद करायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. आठवडा तर आधीच भरलेला असतो. म्हणून इथे वेळापत्रक सगळ्यात शेवटी येईल. आधी मोजणी, मग वजाबाकी, मग निवड.

साहित्य थोडंच लागतं: एक वही, एक पेन, नोंदीसाठी एक साधा आठवडा आणि त्याच्या शेवटी रविवारचे दोन तास. हाती येईल तो पुढच्या १२ आठवड्यांसाठीचा एक कागद. वर्षाचा बेत एकदम करू नका. नागपुरात तर मे महिन्यातला दिवस आणि जानेवारीतला दिवस यांचा एकमेकांशी मेळच बसत नाही.

पहिला आठवडा फक्त नोंद

वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर सात उभे रकाने आखा. अर्ध्या तासाला एक ओळ धरली की दिवसाच्या ४८ ओळी होतात. झोपेच्या ओळी एकदम रंगवून टाका. उरलेल्या ओळी दिवसातून तीनदा भरायच्या: दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी घरी पोचल्यावर आणि झोपण्याआधी. रात्री एकदाच आठवून भरलेली नोंद खोटी निघते. तिच्यातून फोनवरचा वेळ गळतो आणि कामाचा फुगतो. फोनपुरता आकडा फोनच सांगतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ इथे वापराचे आकडे मिळतात. आठवड्याची बेरीज जशीच्या तशी वहीत उतरवा.

आठवडा साधा निवडा. दिवाळीचा, घरच्या लग्नाचा किंवा मुलांच्या परीक्षेचा नको. नोंदीच्या दिवसांत सवयी सुधारायच्या भानगडीतही पडू नका, नाहीतर आपल्या नेहमीच्या आठवड्याऐवजी एका पाहुण्या आठवड्याची मोजणी होते.

घरकाम एका शब्दात लिहिलं की मोजणी चुकतेच. भाजी निवडणं, दळण आणणं, डबे भरणं, पाणी भरणं, ओटा आवरणं अशी फोड करा. जी कामं हातांनी होत नाहीत, नुसती डोक्यात ठेवावी लागतात, तीही लिहा: सिलिंडर कधी संपेल, आईच्या गोळ्या किती उरल्यात, शाळेची फी कधी भरायची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तर असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणून घरात दोघं कमावते असतील तर दोघांनी वेगवेगळी नोंद करा आणि आठवड्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. प्राधान्यक्रमाची बरीचशी भांडणं तिथेच समजून येतात.

१६८ मधून वजाबाकी

उदाहरणासाठी नागपुरातलं एक घर घेऊ. राहणं वर्धमाननगरला, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, आठवड्याचे सहा दिवस. घरात एक शाळकरी मूल आणि वयस्कर आईवडील. आठवड्याचा हिशेब असा पडतो:

झोप, रोज ७ तास: ४९
नोकरी, डब्याच्या सुट्टीसह ९ तास, ६ दिवस: ५४
जाणं-येणं, घराच्या दारापासून कंपनीच्या गेटपर्यंत: १२
आंघोळ, जेवण, तयारी: १४
स्वयंपाक आणि घरकामातला आपला वाटा: ९
मुलाचा अभ्यास, शाळेचं काम: ६
आईवडिलांची औषधं, डॉक्टर, त्यांच्याजवळ बसणं: ३
बाजार, बिलं, गाडीची कामं: ३

बेरीज १५०. उरले १८.

हे १८ तास पूर्ण हातात आहेत असं धरायचं नाही. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे साडेचार तास, आधीच बाजूला काढा. अचानक आलेले पाहुणे, कुणाचा ताप, पंक्चर, अंत्यविधी यांचं वेळापत्रक नसतं, पण यातलं काहीतरी दर आठवड्याला येतंच. राहिले साडेतेरा.

झोपेचे तास कापून हा आकडा वाढवायचा मोह होतो. तो टाळा. सात तासांचे साडेपाच केले की आठवड्याला साडेदहा तास वाढलेले दिसतात, पण त्याची वसुली दुपारच्या डुलक्यांतून आणि रविवारी सकाळी न उठण्यातून होते.

सलग वेळ आणि सुटे तुकडे

साडेतेरा तास कागदावर बरे दिसतात. आता वहीतून त्यांच्या जागा शोधा. जेवणानंतरची २० मिनिटं, मुलाच्या क्लासबाहेर वाट बघतानाची ३०, झोपण्याआधीची २५ हे सगळे तुकडे. ज्या बसणीत किमान ७५ मिनिटं कुणी हाक मारत नाही, तेवढीच सलग वेळ म्हणायची. वरच्या घराची सलग वेळ अशी निघते: रविवारी सकाळी ७ ते १० आणि मधल्या दोन दिवशी पहाटेचा दीड-दीड तास. म्हणजे ६ तास. बाकीचे साडेसात तास तुकडे आहेत.

या सगळ्या हिशेबात महत्त्वाचा आकडा हा ६ आहे. अभ्यास, रियाज, लिखाण, नवं सॉफ्टवेअर शिकणं, घरच्या धंद्याचे हिशेब लावणं या कामांना सलग वेळच लागते. तुकड्यात बसलं की वही उघडून मागचं आठवेपर्यंत हाक येते. उलट आत्याला फोन करणं, बिल भरणं, शब्द पाठ करणं, मुलाला गोष्ट वाचून दाखवणं, व्यायामाचे दोन प्रकार करणं ही कामं तुकड्यांत छान होतात. सलग वेळेत फोन आणि बिलं उरकायची आणि अभ्यासाला तुकडे द्यायचे, ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि अगदी मेहनती माणसंही ती करतात.

प्रवासाचे १२ तास पुन्हा एकदा तपासा. ॲक्वा मार्गाची मेट्रो वर्धमाननगरच्या बाजूच्या प्रजापतीनगरपासून हिंगण्याच्या बाजूच्या लोकमान्यनगरपर्यंत सरळ जाते, सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. दुचाकीपेक्षा १० मिनिटं जास्त लागली तरी बसायला जागा मिळाली तर त्या प्रवासात वाचता येतं. दुचाकीवरची वेळ मात्र पूर्ण खर्ची पडते. ऑरेंज मार्गावरून यायचं असेल तर सीताबर्डीला उतरून गाडी बदलावी लागते आणि वाचनाची लय तिथे तुटते, त्यामुळे अशा प्रवासात ऐकण्यासारखं काही ठेवा. स्टेशनपासून कंपनीपर्यंतचं शेवटचं अंतर कसं जाणार, हे नक्की केल्याशिवाय मेट्रोचा हिशेब मांडू नका.

प्राधान्यक्रम: जोड्या लावून निवड

आता मनात असलेल्या गोष्टी लिहा. सहापेक्षा जास्त नकोत. लिहिताना त्या कामाच्या भाषेत लिहा. ‘आरोग्य’ लिहिलं तर त्याला वेळ देता येत नाही. ‘आठवड्यातून ४ दिवस ४० मिनिटं चालणं’ याला देता येतो. तसंच ‘मुलाकडे लक्ष’ ऐवजी ‘रोज रात्री अर्धा तास त्याच्याबरोबर गणित’.

प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणाला हवी आहे ते लिहा: मला, नवऱ्याला, सासूबाईंना, साहेबांना, की ‘लोक काय म्हणतील’ याला. दुसऱ्याला हवी म्हणून ती वाईट ठरत नाही. वडिलांना दर गुरुवारी मंदिरात नेणं ही त्यांची इच्छा असली तरी तुमची पहिली पसंती असू शकते. पण हे लिहिलं नाही तर दुसऱ्यांच्या इच्छा आपल्याच नावावर चढत जातात.

मग जोड्या लावा. सहा गोष्टींच्या १५ जोड्या होतात, पाचांच्या १०. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: ‘पुढच्या १२ आठवड्यांत या दोन्हींपैकी एकच होणार असेल, तर कोणती?’ बरोबरी मान्य नाही. जिंकलेल्या गोष्टीला एक खूण. १५ जोड्यांना २० मिनिटं पुरतात. त्याहून जास्त लागत असतील तर ज्या जोडीवर अडलात ती सोडून पुढे जा आणि शेवटी परत या. खुणा मोजल्या की क्रम लागतो.

इथे दोन ठिकाणी गाडं अडतं. एक म्हणजे फेरा पडतो: चालणं अभ्यासापेक्षा वर, अभ्यास आईपेक्षा वर आणि आई चालण्यापेक्षा वर. प्रत्येक जोडीला वेगळी फूटपट्टी लावली की असं होतं, कुठे भीती तर कुठे कर्तव्य. अशा तिन्ही गोष्टींना मग एकच प्रश्न विचारा: १२ आठवडे हे अजिबात केलं नाही तर जे बिघडेल, ते नंतर दुरुस्त करता येईल का? ज्याचं उत्तर ‘नाही’ असेल ते वर. दुसरं, सहाव्या क्रमांकावर आलेली गोष्ट बघून वाईट वाटतं. वाटू द्या, पण खुणा बदलू नका. एक दिवस कागद मिटून ठेवा. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं तर फक्त त्या गोष्टीच्या पाच जोड्या पुन्हा लावा.

खरी किंमत काढणं

कागदावर ४० मिनिटं चालणं असलं तरी वर्धमाननगरहून अंबाझरी तलावावर जाऊन चालायचं तर गाडी काढणं, जाणं, पार्किंग, परत येणं आणि आंघोळ धरून पावणेदोन तास होतात. तेच चालणं घराजवळच्या बागेत ५५ मिनिटांत होतं. आठवड्याला चार दिवस म्हणजे ७ तास विरुद्ध ३ तास ४० मिनिटं. अंबाझरी सुंदर आहे यात शंका नाही, पण ६ तास सलग वेळ असणाऱ्याने ती एखाद्या रविवारसाठी ठेवावी आणि एरवी बाग धरावी.

अंदाज आपण नेहमी कमीच धरतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नियोजनातला भ्रम म्हटलं. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं, प्रत्यक्षात लागले ५५. म्हणून नवीन कामाच्या अंदाजाला दीडने गुणा. पूर्वी पाच-सहा वेळा केलेल्या कामाला गुणायची गरज नाही, तिथे वहीतला आकडा घ्या.

आता सौदा दिसतो. आठवड्याला ६ तास, १२ आठवडे, म्हणजे ७२. त्यातले दोन आठवडे सण, लग्न किंवा आजारपणात जाणारच, म्हणून ६० धरा. हार्मोनियमचा आठवड्याला एक तासाचा क्लास, जाणं-येणं आणि तीनदा अर्ध्या तासाचा सराव मिळून ३ तास होतात, म्हणजे निम्मे तास गेले. स्पर्धा परीक्षेची गंभीर तयारी ६० तासांत बसत नाही, हे उघडच आहे. ती पहिल्या क्रमांकावर असेल तर वजाबाकीच्या यादीतलंच काही हलवावं लागेल: नोकरीतली रजा, घरकामाची वेगळी वाटणी, मुलाच्या अभ्यासासाठी शिकवणी. हे परवडत नसेल तर १२ आठवड्यांच्या या फेरीत परीक्षेचा विचार सोडणं जास्त प्रामाणिक. रोज २० मिनिटं पुस्तक उघडून स्वतःची समजूत घालण्यात ते २० मिनिटंही जातात आणि मनावरचं ओझंही कमी होत नाही.

कागद भरणं

पहिल्या दोन गोष्टी सलग वेळेत बसवा. तिसरी तुकड्यांत चालणारी असेल तरच घ्या. बाकीच्या तीन ‘आता नाही’ या मथळ्याखाली लिहा आणि प्रत्येकीपुढे पुन्हा विचार करायची तारीख घाला. तारखेशिवाय लिहिलेलं ‘आता नाही’ मनाला ‘कधीच नाही’ असं ऐकू येतं, आणि मग ती गोष्ट चोरपावलांनी आठवड्यात परत शिरते.

त्याच कागदावर ‘बंद’ अशी तिसरी यादी करा. नव्या कामाला दिलेला प्रत्येक तास कुठून काढला ते इथे लिहायचं: रात्रीची मालिका ४ दिवस, फोनवरचा ३ तासांचा वेळ, सोसायटीच्या समितीचं सचिवपद. ही यादी रिकामी राहिली तर कागद अपुरा आहे.

घरच्यांशी बोलणं आणि नाही म्हणणं

कागद घरात न दाखवता अमलात आणला तर तिसऱ्याच दिवशी ‘आजकाल ही कुठे असते?’ सुरू होतं. रविवारी जेवण झाल्यावर दहा मिनिटं घ्या. कारणांचं भाषण नको. तीन गोष्टी सांगा: कोणत्या दिवशी किती ते किती हाक मारायची नाही, त्या वेळात दार आणि फोन कोण बघेल, आणि बदल्यात घरच्यांना माझी कोणती वेळ पक्की मिळेल. शेवटचा मुद्दा गाळला तर बाकीचे दोन कुणी पाळत नाही.

नातेवाइकांची कार्यं हा आपल्याकडे मोठा खर्च आहे, आणि तो टाळावा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. फक्त त्याच्या पायऱ्या आधी ठरवा. सख्ख्यांच्या घरी हळदीपासून बिदाईपर्यंत, म्हणजे पूर्ण दोन दिवस. चुलत-मावस घरी फक्त लग्नाची वेळ आणि जेवण, लॉन शहरात असेल तर ३ तास. कामावरच्या ओळखीचं रिसेप्शन, आहेर देऊन भेटून दीड तासात परत. वर्ध्याला किंवा अमरावतीला लग्न असलं की पायरी कोणतीही असो, दिवस गेला असंच धरा.

नकार लवकर आणि पूर्ण द्या. ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हटलं की समोरचा ताट धरतो आणि आपण शेवटपर्यंत घालमेल करत बसतो. त्यापेक्षा: ‘मावशी, हळदीला येणं नाही जमत जी यावेळी, पण लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी आहे, पाहुण्यांच्या चहापाण्याचं माझ्याकडे द्या.’ काय जमणार नाही ते सांगितलं आणि त्याच दमात जे नक्की देणार तेही सांगितलं. साहेबांनी जास्तीचं काम दिलं तर ‘वेळ नाही’ म्हणू नका. हातातल्या दोन कामांची नावं घ्या आणि विचारा, ‘सर, यातलं कोणतं मागे ठेवू?’

नागपूरचं वर्ष कागदावर

एकच वेळापत्रक बाराही महिने चालवण्याचा आग्रह इथे टिकत नाही. मे महिन्यात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि साडेआठनंतर बाहेरचं काही सुचत नाही. चालणं, बाजार, बँकेची कामं सगळं त्याआधी किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. म्हणजे उन्हाळ्यात पहाटेच्या सलग वेळेवर दोन दावेदार असतात, अभ्यास आणि बाहेरची कामं. अशा वेळी अभ्यास पहाटे ठेवा आणि बाजार संध्याकाळी ढकला, कारण भाजी संध्याकाळीही मिळते. जानेवारीत सूर्योदय पावणेसातनंतर, थंडी आणि अंधार असतो, त्यामुळे साडेपाचचं चालणं त्या महिन्यात गळतंच. तेव्हा ते संध्याकाळी घ्या.

कूलरची कामं मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरका: टाकी धुणं, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलणं, पंप चालवून बघणं. घरच्या दोन कूलरना अर्धा रविवार जातो. एप्रिलमध्ये मेकॅनिक मिळत नाही आणि तोच अर्धा रविवार तीन रविवारांत पसरतो. पुढे जूनपर्यंत संध्याकाळी पाणी भरायची रोजची १५ मिनिटं वजाबाकीत धरा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुलं घरी असतात तोवर दुपारची सलग वेळ मिळेल या भरवशावर राहू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि मारबतीच्या मिरवणुका असतात, त्या दिवशी महाल-इतवारीकडचं कोणतंही काम ठरवू नका. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीच्या परिसरात वाहतूक वळवलेली असते आणि अनेक घरी बाहेरगावची माणसं मुक्कामाला असतात. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं, बहुधा डिसेंबरात. मोर्च्यांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचा प्रवास लांबतो. त्या आठवड्यांत जाण्यायेण्याला रोज अर्धा तास वाढवा आणि तो आधी बाजूला ठेवलेल्या चौथ्या हिश्श्यातून काढा, सलग वेळेतून नाही.

फेरी सुरू करायला आमच्या मते जुलैचा दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. शाळा रुळलेली असते, ऊन गेलेलं असतं आणि लग्नं थांबलेली असतात.

दर शनिवारी २० मिनिटं

शनिवारी रात्री कागद काढा. सलग वेळेच्या किती बसण्या झाल्या ते मोजा. तिनांपैकी दोन झाल्या तर ठीक आहे, काही बदलू नका. सलग दोन आठवडे एकच झाली असेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा तीनच कारणं निघतात: बसणी चुकीच्या वेळी ठेवली आहे, कामाची किंमत कमी धरली आहे, किंवा ‘बंद’ यादीतलं काहीतरी परत सुरू झालं आहे. पहिल्याला बसणी हलवा, दुसऱ्याला काम निम्मं करा, तिसऱ्यासाठी ‘बंद’ यादी घरच्यांना पुन्हा वाचून दाखवा. इच्छाशक्ती कमी पडली, हे कारण लिहू नका. त्यावर पुढच्या शनिवारपर्यंत करण्यासारखं काही निघत नाही.

बुडालेली बसणी पुढच्या आठवड्यात भरून काढायची नाही. थकबाकी साठत गेली की तिसऱ्या आठवड्यात माणूस कागदच बघायचं सोडतो.

घरात मोठं आजारपण आलं, नोकरी बदलली किंवा मूल झालं तर फेरी अर्धवट थांबवा आणि कागदावर तशी तारीख टाका. मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीला प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, त्यामुळे अशा काळात ६ तासांचे २ उरतात. तेव्हा एकच गोष्ट ठेवा, तीही तुकड्यांत चालणारी.

बारा आठवडे झाले की तेरावा मोकळा ठेवा. त्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची नोंद करा, कारण मधल्या काळात मुलाच्या शाळेची वेळ किंवा कामाची शिफ्ट बदललेली असते. मग ‘आता नाही’ यादीतल्या ज्या तारखा उलटल्या त्या गोष्टी घेऊन जोड्या परत लावा. दोन फेऱ्या लागोपाठ खालीच राहिलेली गोष्ट तिसऱ्यांदा यादीत घेऊ नका. तिच्यासाठी घेतलेली पुस्तकं किंवा वाद्य ज्याला खरंच हवं आहे, त्याला देऊन टाका.